गॅरंटी हवी, पण कुठून कुठपर्यंत? विद्यापीठांच्या नेटवर्कबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रिसर्च आणि युनिव्हर्सिटी नेटवर्कबद्दल प्रश्न पाठवा म्हणून आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच शब्द होता, क्यूओएस, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे अमुक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) अमुक वेळात आणि न हरवता पोचेलच याची हमी. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न: आमच्या विद्यापीठाची लिंक १ जीबीपीएसची आहे, ग्राफ कधीच ४० टक्क्यांच्या वर जात नाही, तरीही पीएचडीच्या ऑनलाइन व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांचा आवाज तुटतो आणि सगळे आमच्याकडे बघतात. राष्ट्रीय रिसर्च नेटवर्ककडून क्यूओएसची गॅरंटी मागावी का?

मागा, पण आधी त्या ग्राफबद्दल बोलू. तो बहुतेक पाच-पाच मिनिटांची सरासरी काढून रेघ मारतो, आणि पाच मिनिटांत ४० टक्के याचा अर्थ मधेच अर्धा सेकंद लिंक गच्च भरली होती असाही असू शकतो. आवाजाचा घोटाळा त्या अर्ध्या सेकंदातच होतो, सरासरीत तो दिसणारच नाही.

आता आवाजाला नक्की लागतं किती ते बघा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीप्रमाणे एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणं नैसर्गिक वाटतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे ६,००० किलोमीटरला ३० मिलिसेकंद गेले, ते कुणाच्या बापाला कमी करता येणार नाहीत. उरलेल्यात रांगेचा वेळ. १,५०० बाइटचं पॅकेट १० जीबीपीएसच्या लिंकवर चढवायला १.२ मायक्रोसेकंद लागतात आणि २ एमबीपीएसच्या लिंकवर ६ मिलिसेकंद, म्हणजे पाच हजार पट, त्यामुळे बॅकबोनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य रुंद लिंकांवर, तुमच्या पुढे शंभर पॅकेटं उभी असली तरी काही बिघडत नाही पण बारीक लिंकवर पुढे पंचवीस असली की तुमचे १५० मिलिसेकंद संपले. रांग तयार होते ती रुंद पाइप अरुंद पाइपात शिरतो तिथे. म्हणजे कॅम्पसच्या दारात, इमारतीच्या जुन्या स्विचवर, आणि सगळ्यात जास्त वायफायवर.

म्हणून पहिली गोष्ट, व्हायव्हाची खोली केबलवर आणा. दुसरी, वाटेतल्या प्रत्येक पोर्टचे एरर काउंटर बघा. हे मी फार आग्रहाने सांगतोय कारण एका विद्यापीठात नेटवर्क सांभाळताना आम्ही दोन महिने प्रायॉरिटीच्या रांगा लावण्यात घालवले आणि शेवटी सापडलं काय तर एका स्विचचं पोर्ट कुणीतरी हाताने फुल डुप्लेक्सला (एकाच वेळी पाठवायचं आणि घ्यायचं) बांधून ठेवलेलं, समोरचं ऑटोवर (पलीकडचं बघून आपोआप ठरवणारं), आणि ऑटोवाल्याला पलीकडून काही कळत नसल्यामुळे ते हाफ डुप्लेक्सला (एका वेळी एकच) गेलेलं. पिंग, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघणं, एकदम स्वच्छ यायचं कारण पिंगला लोडच नसतो, दोन्हीकडून ट्रॅफिक सुरू झाला की पॅकेटं पडायला लागायची. असल्या बिघाडावर क्यूओएस लावून काही होत नाही, प्रायॉरिटीचं पॅकेटसुद्धा त्याच पोर्टवर मरतं.

आणि तिसरी, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुमचा राउटर फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग लावू शकतो. बाहेरून येणाऱ्यांची रांग लागते ती नेटवर्कवाल्यांच्या राउटरमध्ये, तुमच्या लिंकच्या पलीकडच्या टोकाला, आणि परीक्षकांचा आवाज तर आत येणारा आहे! तुम्ही तुमच्या बाजूला कितीही सेटिंग करा, त्या रांगेला हात लागत नाही. तेव्हा त्यांच्याकडे मागायचं ते एवढंच, की आमच्या लिंकच्या तुमच्याकडच्या टोकाला आवाजाच्या पॅकेटांसाठी वेगळी रांग ठेवा. एका राउटरवरचं काम आहे, आणि आख्ख्या बॅकबोनची गॅरंटी मागण्यापेक्षा ते मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

प्रश्न: मी एमटेकची विद्यार्थिनी आहे, सेमिनारला क्यूओएस घेतलंय. पुस्तकात इंटसर्व्ह आणि डिफसर्व्ह दोन्ही आहेत, पण खऱ्या रिसर्च नेटवर्कमध्ये टोकापासून टोकापर्यंत गॅरंटी कुणी दिली का? दिली असेल तर आज ती दिसत का नाही?

तुझा प्रश्न फार आवडला, कारण पुस्तकं जिथे थांबतात तिथून तो सुरू होतो.

इंटसर्व्हचा आराखडा १९९४ चा, आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक कागदांची मालिका) १६३३, आणि जागा राखून ठेवायचा आरएसव्हीपी प्रोटोकॉल १९९७ चा. कल्पना सरळ होती, बोलणं सुरू करण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राउटरला सांगायचं की मला एवढी बँडविड्थ लागेल, आणि प्रत्येकाने हो म्हटलं तरच सुरू करायचं. हिशोब पक्का, पण मधल्या राउटरने लाखो संभाषणं एकेक करून लक्षात ठेवायची, ते मोठ्या नेटवर्कला झेपणारं नव्हतं. म्हणून डिसेंबर १९९८ मध्ये डिफसर्व्ह आलं. पॅकेटच्या हेडरमध्ये (पत्ता असतो त्या पुढच्या भागात) सहा बिट, म्हणजे ६४ आकडे, त्यावर वर्ग लिहायचा, तपासणी फक्त सीमेवर करायची आणि आतल्या राउटरने नुसता शिक्का बघून रांग निवडायची. सगळ्यात वरचा वर्ग ईएफ, आकडा ४६. त्याची अट अशी की कुठल्याही राउटरवर ईएफ पॅकेटं जेवढ्या वेगाने येतात त्यापेक्षा जास्त वेगाने निघून जाता आली पाहिजेत, म्हणजे रांग जवळजवळ होतच नाही.

आणि खरी गोम याच अटीत आहे बघ. रांग होऊ द्यायची नाही तर ईएफ पॅकेटं मोजूनच आत घ्यावी लागतात, म्हणजे कुणालातरी "नाही, आता जागा नाही" म्हणावं लागतं. एका नेटवर्कमध्ये ते जमतं. पण एका विद्यापीठातून दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जाणारं पॅकेट कॅम्पस, प्रादेशिक नेटवर्क, राष्ट्रीय नेटवर्क, मग खंडाचा बॅकबोन, आणि पलीकडे हेच सगळं उलट्या क्रमाने, असं सहा-सात मालकांच्या हातून जातं, प्रत्येकाचे राउटर वेगळे आणि प्रत्येकाचा "नाही" म्हणायचा अधिकार वेगळा. यातल्या एकाने जरी शिक्का पुसला तरी गॅरंटी संपली.

तरी प्रयत्न झाले, आणि मनापासून झाले. युरोपात टेन-१५५ या नेटवर्कने एटीएम या जुन्या नेटवर्क तंत्रावर राखीव बँडविड्थची सेवा दिली होती, पुढे जेआँ नेटवर्क आल्यावर सिक्विन प्रकल्पाने डिफसर्व्हवर प्रीमियम आयपी नावाची सेवा आखली. अमेरिकेत इंटरनेट२ या विद्यापीठांच्या नेटवर्क संस्थेने क्यूबोन नावाने विद्यापीठांना जोडणारी प्रीमियम सेवा बांधायला घेतली, त्यात प्रत्येक नेटवर्कचा बँडविड्थ ब्रोकर शेजारच्या ब्रोकरशी बोलून जागा राखणार होता. २००२ मध्ये त्याच टीमच्या लोकांनी उघडपणे लिहिलं की प्रीमियम सेवा रुजली नाही आणि बहुधा रुजणारही नाही. मला त्या प्रामाणिकपणाचं फार कौतुक वाटतं, आपणच बांधायला घेतलेल्या गोष्टीबद्दल कारणांसकट असं लिहायला धैर्य लागतं. तू ते मूळ लिखाण शोधून वाचच.

त्यातली कारणं माझ्या शब्दांत सांगतो. वाटेतल्या सगळ्यांनी एकदम केलं तरच फायदा, अर्ध्यांनी करून काहीच मिळत नाही, मग पहिलं पाऊल कोण टाकणार. सीमेवरच्या प्रत्येक पोर्टवर तपासणी लावावी लागते, एक जरी दार उघडं राहिलं तरी कुणीही ४६ चा शिक्का मारून आत येईल. आणि मुख्य म्हणजे बॅकबोन इतके रिकामे ठेवलेले होते की साधं पॅकेट आणि प्रीमियम पॅकेट सारख्याच वेळात पोचायचं, फरक दिसायला गर्दी लागते आणि गर्दी दिसली की इंजिनिअर लिंक वाढवून मोकळे होतात. लिंक वाढवणं सगळ्यांना उपयोगी, समजायला सोपं, आणि रात्री दोन वाजता बिघडलं तर शोधायलाही सोपं.

पण त्याच कामातून उलटी कल्पना निघाली आणि ती टिकली. क्यूबोनवाल्यांनी स्कॅव्हेंजर नावाचा वर्ग काढला, म्हणजे पॅकेटवर आपणहून लिहायचं की मी सगळ्यांच्या मागे उभा राहतो, उरलेली जागा द्या. यात तपासणी लागत नाही कारण मागे उभं राहण्यासाठी कुणी फसवणूक करत नाही, आणि वाटेतल्या एकाच राउटरने मानलं तरी तिथे फायदा होतो. २०१९ मध्ये आरएफसी ८६२२ ने याच विचाराला लोअर एफर्ट नावाने नवा आकडा दिला. सेमिनारमध्ये हा भाग नक्की घे, परीक्षकांना बहुधा नवीन असेल.

प्रश्न: मी माझ्या लॅपटॉपवरून पॅकेटांवर ४६ चा शिक्का मारला तर स्पीड वाढेल का?

नाही. नीट चालवलेल्या नेटवर्कमध्ये पहिलाच स्विच किंवा सीमेवरचा राउटर तो पुसून शून्य करेल, आणि त्याने केलंच पाहिजे.

प्रश्न: आमच्या प्रयोगशाळेला २० टेराबाइट डेटा दुसऱ्या खंडातल्या भागीदार संस्थेला पाठवायचा असतो. दोन्हीकडे १० जीबीपीएस लिंक आहे, मिळतात १० एमबीपीएस. आयटी विभाग म्हणतो गॅरंटीड बँडविड्थ घ्या. खरंच घ्यावी लागेल?

तुमचाच हिशोब पुढे नेऊ. १० जीबीपीएसने २० टेराबाइट साडेचार तासांत जायला हवेत, १० एमबीपीएसने सहा महिने. एवढा फरक दिसला की मला आधी गर्दीचा नाही, पॅकेट हरवण्याचा संशय येतो.

टीसीपीचं, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणाऱ्या आणि हरवलं की वेग कमी करणाऱ्या प्रोटोकॉलचं, जुनं गणित असं की वेग हा जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळाच्या आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या उलट चालतो. तुमचा वेळ १५० मिलिसेकंद धरला आणि दहा हजारांत एक पॅकेट हरवतंय असं धरलं तर रेनो या जुन्या पद्धतीच्या टीसीपीला एका कनेक्शनवर नऊ-दहा एमबीपीएसच मिळतात, लिंक कितीही मोठी असो. आणि हाच बिघाड असताना शेजारच्या इमारतीत पाठवलं, जिथे वेळ १ मिलिसेकंद आहे, तर जीबीपीएसच्या वर मिळतात. म्हणून आयटी विभाग कॅम्पसमध्ये टेस्ट करून "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणतो, आणि ते खोटं बोलत नसतात.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईएसनेट या रिसर्च नेटवर्कने एक किस्सा लिहून ठेवलाय, त्यांच्याकडे राउटरचं एक लाइन कार्ड (पोर्ट असतात तो भाग) बिघडत चाललं होतं आणि २२,००० पॅकेटांत एक पाडत होतं, ०.००४६ टक्के. राउटरच्या स्वतःच्या तपासणीला ते दिसलंच नाही, सतत चाचणीची पॅकेटं पाठवून मोजणाऱ्या यंत्रणेने पकडलं. तेवढ्यानेही लांबच्या ट्रान्सफरचा वेग कोसळतो.

तेव्हा दोन्ही टोकांना पर्फसोनार हे नेटवर्क मोजायचं सॉफ्टवेअर बसवा, फुकट मिळतं, आणि वाटेतल्या संस्थांचेही पर्फसोनार असतात, त्यांच्यापर्यंत तुकड्या-तुकड्याने मोजत गेलात की कुठल्या टप्प्यावर पॅकेट पडतं ते कळतं. माझा पहिला संशय कॅम्पसच्या फायरवॉलवर. ती हजारो छोट्या कनेक्शनसाठी बांधलेली असते, एकच दांडगा प्रवाह आला की तिचे बफर (पॅकेटं थांबायची जागा) भरतात आणि पॅकेटं पडतात. यावर ईएसनेटवाल्यांनीच सायन्स डीएमझेड नावाची मांडणी सुचवली, डेटा पाठवणारं मशीन कॅम्पसच्या सीमेजवळ फायरवॉलच्या बाहेर ठेवायचं, त्यावर डेटा ट्रान्सफरशिवाय दुसरं काही चालवायचं नाही, आणि संरक्षण राउटरच्या नियमांनी द्यायचं. सिक्युरिटीवाले आधी घाबरतात, त्यांच्यासोबत बसून नियम लिहा, त्यांना वगळून करू नका.

हे सगळं करूनही पुरलं नाही तर मग राखीव सर्किट. ते अजिबात कालबाह्य नाही, ईएसनेटची ऑस्कर्स नावाची यंत्रणा ठरावीक वेळेसाठी ठरावीक बँडविड्थचं सर्किट राखून देते, आणि सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेपासून मोठ्या टियर-१ (पहिल्या फळीच्या) केंद्रांपर्यंत एलएचसी या कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्राचा डेटा नेणारं स्वतंत्र खासगी नेटवर्कच आहे. फरक एवढाच की तिथे टोकं मोजकी आणि माहितीची आहेत, कुणाला किती लागणार ते आधी ठरलंय, म्हणून "नाही" म्हणायची वेळ क्वचित येते. वर त्या विद्यार्थिनीला सांगितलेली अडचण तिथे येतच नाही.

प्रश्न: मी एका कॉलेजचा आयटी प्रमुख. सेवा देणारे एसएलएमध्ये (सेवेच्या करारात) ९९.९ टक्के लिहून देतात. यालाच क्यूओएसची गॅरंटी समजायचं का?

नाही सर, ती लिंक चालू असण्याची हमी आहे, आणि तीसुद्धा तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद राहायची मुभा देऊन. लिंक चालू आहे पण शंभरातलं एक पॅकेट पडतंय, तर या कागदाप्रमाणे सगळं उत्तम चाललंय.

कागदात हे लिहून घ्या. पॅकेट हरवण्याचं प्रमाण किती, एका बाजूचा उशीर किती आणि त्यातला चढउतार किती, आणि हे आकडे महिन्याच्या सरासरीने नको तर दिवसातल्या सगळ्यात गर्दीच्या तासाचे हवेत. मोजणार कुठून कुठपर्यंत ते ठिकाणांसकट लिहा, कारण बरेचदा त्यांच्या स्वतःच्या दोन राउटरांमधलं मोजून देतात आणि तुमची बारीक लिंक, जिथे खरी रांग लागते, ती मोजमापातून बाहेरच राहते. मोजणाऱ्या मशीनपैकी एक तुमच्या आवारात, तुमच्या ताब्यात असू द्या. आणि त्यांनी विचारलं की प्रायॉरिटीच्या वर्गात किती बँडविड्थ हवी, तर सगळी लिंक सांगू नका. आवाजाची किती संभाषणं एका वेळी चालतात ते मोजा, जी.७११ या आवाजाच्या नेहमीच्या फॉरमॅटमधल्या एका कॉलला हेडर धरून साधारण १०० केबीपीएस लागतात, त्यावरून आकडा काढा आणि थोडी सूट ठेवा. व्हिडिओचं वेगळं मोजा, त्याला प्रत्येकी एक-दोन एमबीपीएससुद्धा लागू शकतात. आकडा छोटाच येईल, आणि छोटा आकडा असला तर ते मानायला तयार होतात.