लहानपणी तुम्ही गल्लीत कोणते खेळ खेळायचात? त्यांतले आता सोसायटीत कोणते खेळता येतील?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत, फ्लॅटमध्ये राहतात आणि "मोबाइलने आपले खेळ बुडवले" हे घरात रोज ऐकतात. मला हे मोबाइलचं कारण फारसं पटत नाही. आमच्या बोळातले निम्मे खेळ मोबाइल यायच्या कितीतरी आधी बंद पडले होते. मुलांना कंटाळा आला म्हणून नव्हे, तर त्या खेळांना लागणारी मातीच राहिली नाही म्हणून.

मी सोलापूरची. १९७० च्या दशकात शहराच्या पूर्व भागातल्या एका बोळात वाढले. वडील गिरणीत होते. शेजारी बहुतेक तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं, काही कानडी, आणि मधेमधे आमच्यासारखी मराठी. घरात कुणी काहीही बोलो, बोळात उतरलं की भाषा एकच आणि तिच्यात वाक्यागणिक 'बे'. "राज्य कुणावर बे?" "तू सुटली की बे!" मुलगी म्हणून त्यात काही सवलत नव्हती.

आमच्या खेळांची वेळ घड्याळावर नाही, गिरणीच्या भोंग्यावर ठरायची. दुपारी आरडाओरडा करायला सक्त बंदी, कारण रातपाळी करून आलेली माणसं घराघरात झोपलेली असायची. शिवाय सोलापूरचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. म्हणून दुपारचे खेळ सावलीतले आणि मुके. ओट्यावर सागरगोटे, कवड्या, चिंचोके. खरे सागरगोटे म्हणजे गजग्याच्या काटेरी वेलीच्या बिया, राखाडी आणि दगडासारख्या टणक. एक वर उडवायचा, तेवढ्यात खालचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन-तीन. डाव हरणारी पोरगी तोच गजगा फरशीवर खसाखसा घासायची आणि शेजारणीच्या दंडाला टेकवायची. असा चटका बसायचा की किंचाळी फुटायचीच, आणि मग आतून कुणाचा तरी झोपमोड झालेला बाप बाहेर.

हे सगळं आठवताना लोक फार हळवे होतात. मला तसं होता येत नाही. आमच्या बोळातल्या मुली ओट्यावर बसायच्या, पण बऱ्याचदा खेळायला नाही, विड्या वळायला. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली टेंभुर्णीची पानं. हजार विड्या भरल्या तर दिवसाची मजुरी. शाळेतून आलेली पोरगी शेजारी बसून विड्यांची तोंडं दुमडायची, दोरे बांधायची. ज्यांच्या घरी माग होता तिथली मुलं कांड्या भरायची. ते उरकलं की खेळ. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण लंगडीत सगळ्या पोरांना लोळवायची, पण सातवीनंतर ती बोळात दिसलीच नाही. दिसायची ती सुपामागे. "पूर्वी मुलं किती मोकळी खेळायची" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठली मुलं?

असो. ऊन उतरलं की खरा खेळ सुरू.

विटीदांडू आमचा मुख्य. बोळ कच्चा होता, मुरूम आणि पांढरी माती. त्यात टाचेने उकरून बोटभर खोल, विटीपेक्षा थोडी लांब गल करायची. दांडू बाभळीचा, हात-दीड हाताचा. विटी दोन्ही टोकांना तासलेली. तासणं हेच कौशल्य होतं: टोक फार निमुळतं केलं तर विटी उडते पण टोला बसला की फुटते, आणि बोथट ठेवलं तर दांडू आपटूनही जागची हलत नाही. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलायची. समोरच्याने वरच्यावर झेलली की आपण बाद. नाही झेलली तर तो ती जिथे पडली तिथून गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर फेकतो. लागली की बाद. त्यातून वाचलात तर मग टोले. टोकावर दांडू मारून विटी उडवायची आणि हवेतच फटकवायची. जिथे पडेल तिथून गलीपर्यंतचं अंतर दांडूने मोजायचं, आणि या मोजणीतच निम्मी संध्याकाळ जायची. मोजणारा दांडू पुढे सरकवताना चार बोटं मारून घेतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याच्या डोक्याशी दोघेजण ओणवे होऊन पहारा देणार. "आईची शप्पथ घे बे!" "घेतली की बे!"

आता ही गल काँक्रीटमध्ये कुठे उकरणार?

गोट्यांचंही तेच. गलीत गोटी घालायची, दुसऱ्याची टिपायची, हरलेल्याने कोपराने गोटी रेटत न्यायची, सगळं मातीशीच. भोवऱ्याची आर मऊ मातीत रुततेही आणि फिरतेही, गुळगुळीत टाइल्सवर घसरत जाऊन भिंतीला आपटते. (भोवऱ्याच्या जाळीची आम्हाला चैन होती. मागावरचं टाकाऊ सूत पीळ देऊन वळलं की अशी जाळी व्हायची की तुटायचं नाव नको.) आणि पावसाळ्यातली खुपसणी तर मातीचाच खेळ. हातभर लोखंडी सळई ओल्या जमिनीत फेकून रुतवत पुढे जायचं, आडवी पडली की डाव गेला, आणि जिथवर पोचलो तिथून हरलेल्याने लंगडी घालत परत यायचं. हा खेळ वर्षातून जेमतेम दोन महिने. सोलापुरात पाऊस तो किती! पहिली मोठी सर पडून गेली की कुणी कुणाला बोलवायचं नाही, सगळे आपापल्या सळया घेऊन हजर.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. यात्रेत सात नंदीध्वज निघतात, आम्ही त्यांना काठ्या म्हणतो. दोन मजल्यांहून उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत माणसं चालतात. होम मैदानावरून गोट्या, भोवरे घेऊन घरी आलो की पुढचे पंधरा-वीस दिवस बोळात हाच खेळ. कुणाच्या तरी मांडवाचा बांबू, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला, वर झेंडूचा हार. "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" बांबू डुलायला लागला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, कारण तो विजेच्या तारेवर नाहीतर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीवर जाणार हे नक्की.

लगोरी आम्हाला सोपी होती, कारण शहाबादी फरशीचे तुकडे बोळात कुठेही मिळायचे. सपाट, एकावर एक नीट बसणारे. चेंडू मात्र घरचा. आत चिंध्या घट्ट कोंबायच्या आणि वरून सूत गुंडाळत जायचं. कोरडा असेपर्यंत तो गरीब असतो. गटारीत पडून भिजला की पाठीवर असा शेकतो की शर्ट काढून वळ दाखवता यायचा.

आणि रात्री, जेवणं झाल्यावर, डबा ऐसपैस. बोळाच्या तोंडाशी एकच दिव्याचा खांब, त्याखाली रिंगण, रिंगणात डालड्याचा रिकामा डबा. एकाने तो ताकदीने लांब फेकायचा. ज्याच्यावर राज्य त्याने जाऊन आणायचा, तोही उलट्या पावली, आणि रिंगणात ठेवायचा. तोवर बाकीचे गडप. मग तो शोधायला निघणार. दिसलेल्याचं नाव घेऊन डब्यापाशी पळत यायचं आणि डब्यावर पाय टेकवून 'डबा ऐसपैस' म्हणायचं. तो लांब गेला की दुसऱ्या बाजूने कुणीतरी सुसाट येऊन डब्याला लाथ घालणार, आणि पकडलेले सगळे पुन्हा मोकळे. एखाद्याला पिदवायचं ठरलं तर तो झोपेपर्यंत राज्यच घेत राहायचा. शर्टांची अदलाबदल ही ठरलेली लबाडी. भिंतीआडून नुसती बाही दाखवायची, त्याने चुकीचं नाव घेतलं की सगळे ओरडणार, "अंडं फुटलं!" आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. माझी वेणी आडवी यायची. शर्ट कुणाचाही घातला तरी वेणी माझीच, म्हणून मी डोक्याला टॉवेल गुंडाळायला लागले, तर पोरांनी टॉवेल दिसला की माझं नाव घ्यायला सुरुवात केली.

सगळ्यात मोठा डाव एका आरोळीने मोडायचा: "नळ आला!" कधी रात्री दहाला, कधी पहाटे. पाण्यापुढे राज्य-बिज्य काही नाही, सगळे घागरी घेऊन रांगेत.

या सगळ्यात एक गोष्ट मला आजही कौतुकाची वाटते ती म्हणजे कच्चं लिंबू. पाच वर्षांचा शेंडेफळ भाऊ सोबत घेतल्याशिवाय मोठ्या मुलीला घरून सोडायचेच नाहीत. मग तो खेळात, पण त्याच्यावर राज्य नाही. बाद झाला तरी बाद नाही. पाच वर्षांचा आणि चौदा वर्षांचा एकाच डावात चालायचे ते यामुळे. आता सोसायटीच्या शिबिरात 'सहा ते आठ' वेगळे आणि 'नऊ ते बारा' वेगळे.

मग बंद कसं झालं? आधी शहाबादी फरशी आली, मग काँक्रीट. चिखल गेला म्हणून आमच्या आयांना केवढा आनंद झाला होता, आणि तो रास्तच होता. पण गल गेली. मग दुचाक्या आल्या, त्या बोळातच उभ्या राहायच्या. १९८३ चा विश्वचषक झाला आणि माझ्या धाकट्या भावाच्या पिढीने दांडू टाकून बॅट धरली. क्रिकेटला काँक्रीट चालतं, तीन रेघा भिंतीवर ओढल्या की स्टंप. मोबाइल यायला अजून बराच अवकाश होता.

जे खेळ मातीवरून उठून दुसरीकडे जाऊ शकले ते टिकले. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्येच बांधले होते. आज तो मॅटवर खेळतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला, आणि कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे दोघेही महाराष्ट्राचे. कबड्डीही मॅटवर जाऊन २०१४ पासून टीव्हीवर लीग खेळते. पण नियम छापले म्हणजे खेळ जगतोच असंही नाही. आट्यापाट्यांचेही नियम जुने आहेत, तरी नऊ आडव्या पाट्या आणि मधली उभी सूरपाटी आखायला एवढी मोकळी जमीन कुणाकडे आहे? विटीदांडूला तर कुणी मॅट शिवलीच नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. विटीदांडू सोसायटीत आणू नका. उडालेली विटी डोळ्याला लागते, ही भीती खरी आहे. आमच्या बोळातल्या एकाच्या भुवईवरची खूण अजून दिसते. आणि गाड्यांच्या काचांचं बिल वेगळं. गोट्यांसाठी गॅलरीतल्या कुंड्या पुरत नाहीत, जवळच्या बागेत कोपरा शोधा. लगोरी पार्किंगमध्ये छान होते, चेंडू स्पंजचा किंवा टेनिसचा घ्या आणि फरशीचे सात तुकडे टाइल्सवाल्याकडे फुकट मिळतील. लंगडी, विषामृत, साखळी यांना तर काहीच लागत नाही.

पण मला विचाराल तर सुरुवात डबा ऐसपैसने करा. पार्किंगचे खांब, जिना, मीटरची खोली. लपायला आमच्या बोळापेक्षा जास्त जागा आहे. गाड्या आत-बाहेर करण्याची वेळ टाळा, रविवारी सकाळी बरं पडतं. मुलांना शर्ट बदलायची युक्ती तुम्ही सांगू नका, त्यांना ती दुसऱ्या दिवशी आपोआप सुचते. डबा पत्र्याचाच हवा, प्लास्टिकचा लाथ मारल्यावर वाजत नाही. पत्र्याचा वाजला की वरच्या मजल्यावरचे काका खाली येतील. त्यांना पहिलं राज्य द्या.