शेडमधले तीन ट्रॅक्टर: ठेवायचा कोणता?

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, फोटो त्याहून जास्त वेळा पाहिले. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका बडोद्यात दांडिया बाजारात राहतात, वय 61. सव्वादोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हाच पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख ठेवले. मुलीच्या लग्नासाठी 4 लाखांची एफडी वेगळी आहे. घरखर्च महिना 45,000. पादऱ्याजवळ आंबा-चिकूची छोटी वाडी, आणि तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्तीला काढलेले तीन जुने ट्रॅक्टर: आयशर, मित्सुबिशी शक्ती आणि हिंदुस्तान. काकूंनी निर्वाणीचं सांगितलंय की एक ठेवा, नाहीतर तिन्ही भंगारात. काकांचा कल आयशरकडे आहे, कारण "सगळ्यात जास्त पैसे त्यातच गेलेत". आणि राहिलेल्या कामासाठी पोस्टातले 2 लाख मोडावेत का, हा दुसरा प्रश्न.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. मोडू नका. या योजनेतून थोडेसे काढता येत नाहीत, खातंच बंद करावं लागतं. दोन वर्षं झाली आहेत म्हणून दंड मुद्दलाच्या 1 टक्का, म्हणजे 15,000 रुपये. 2 लाख हातात यायला 15,000 मोजायचे! शिवाय 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 30,750 रुपये तुमच्या घरचा किराणा चालवतात, त्यांना ट्रॅक्टरच्या रिंग-पिस्टनच्या दावणीला बांधू नका.

आता आयशर. खरेदी 60,000, वर 95,000 खर्च, एकूण 1,55,000. अजून टायर आणि रंगकाम मिळून 45,000. तुम्हीच लिहिलंय की आज आहे तसा 80,000 ला गिऱ्हाईक तयार आहे आणि पूर्ण करून दिला तर 1,25,000 येतील. काका, हा हिशेब कागदावर परत मांडा. 45,000 घालून किंमत वाढते 45,000 नेच. तुमचे चार महिने, मिस्त्रीच्या दारच्या खेपा, रंग बिघडला तर पुन्हा मारणं, हे सगळं फुकट. गेलेले 1,55,000 या हिशेबात कुठेच येत नाहीत, आणि तेच तुम्हाला सगळ्यात जास्त डाचतंय. मलाही एका जुन्या स्कूटरबाबत असंच डाचत होतं. तीन वर्षं "आता थोडंच राहिलंय" म्हणत होतो. त्या थोड्याचे शेवटी किती झाले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं ते इंजिन कानाला गोड लागतं, कबूल. पण आयशर आपल्याकडे 1959 पासून बनतायत. पुढे कधी पुन्हा हौस आली तर दुसरा मिळेल.

मित्सुबिशी शक्तीवर मी जास्त वेळ घालवला, कारण तो खरोखर कामाचा आहे. साडेअठरा हॉर्सपॉवरचा, अंगाने लहान, चिकूच्या दोन ओळींमधून फांदी न मोडता जातो. भाड्याच्या ट्रॅक्टरचे वर्षाला 18,000 वाचतात असं तुम्ही म्हणता. बरोबर, पण स्वतःचा चालवायला डिझेल साधारण 6,000, आणि ऑइल, फिल्टर, बॅटरी, विमा धरून आणखी 6,000. खरी बचत 6,000. शेजारचा शेतकरी 1,40,000 देतोय. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 9,800 व्याज. म्हणजे शक्ती ठेवणं तुम्हाला वर्षाला 3,800 ला पडतं.

ही रक्कम काही मोठी नाही. पाऊस उघडल्यावर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, दोन-तीन दिवसांचा, आणि नेमका तेव्हाच भाड्याचा ट्रॅक्टर सगळ्यांना हवा असतो. तेवढ्यासाठी 3,800 मोजावेत असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तुमच्याकडे हाताशी पैसा असता तर शक्ती ठेवा असंच लिहिलं असतं. पण लग्नाची एफडी सोडली तर तुमच्याकडे अडीनडीला काहीच नाही. 1,40,000 म्हणजे तुमचा तीन महिन्यांचा घरखर्च. शक्ती विका, पैसे वेगळ्या एफडीत ठेवा. घेणारा शेजारीच आहे, वाफशाच्या दिवशी आधी तुमची वाडी करून द्यायची, हे व्यवहारातच बोलून घ्या.

पत्राच्या शेवटी एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपला, शुगर आहे, "बघू पुढे". मला ट्रॅक्टरपेक्षा याचीच काळजी वाटली. आधीपासूनच्या आजाराच्या क्लेमसाठी विमा कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावू शकतात, आणि ती वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जातात. दोन तर वाया गेली. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. शुगर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच उकरलं जातं. हप्ता पोस्टाच्या व्याजातून भरा.

राहिला हिंदुस्तान. गाळात रुतलेला, 35,000 ला आणलेला, इंजिन उघडलेलं, नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत आणि प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी. हिशेबाने हा तिघांत सगळ्यात वाईट: आणखी 1,10,000 खर्च, स्पेअर सहज मिळत नाहीत, विकायला गेलात तर भंगाराचा भाव. आणि मी म्हणतो, हाच ठेवा.

तुमचे वडील विश्वामित्रीच्या कारखान्यात होते, तिथेच झेटर या चेक कंपनीच्या सहकार्याने हे ट्रॅक्टर बनत. पुढे कंपनी सरकारकडे गेली, 1999 मध्ये महिंद्रकडे. शक्ती विकला तर पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत दुसरा आणता येईल. हा भंगारात गेला तर बडोद्याचा, कदाचित वडिलांचा हात लागलेला, दुसरा कुठून आणणार? फक्त याला गुंतवणूक म्हणू नका. काकूंपुढे तर मुळीच नको. ही हौस आहे, आणि हौसेचं पाकीट वेगळं असतं. या पाकिटात आयशरचे 80,000, एवढेच. मिस्त्री 1,10,000 म्हणतोय म्हणजे दीड लाखाच्या आत आवरत नाही. म्हणून आधी ब्लॉक, क्रँक आणि डिझेल पंप करून घ्या, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतले (जीआयडीसी) दोन-तीन लेथवाले विचारून. रंग आणि सीट पैसे साठतील तेव्हा.

व्हिंटेज नंबरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीच्या, भानगडीत पडू नका. 2021 चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खासगी मोटारींसाठी आहे, ट्रॅक्टर त्यात बसत नाही. हिंदुस्तानचं आरसी मूळ मालकाच्या नावावर आणि तो वारलेला, तेव्हा नावावर होईपर्यंत वाडीच्या फाटकाबाहेर काढू नका.

विकायच्या दोन्हींचे मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 गिऱ्हाइकाच्या सह्यांसकट आरटीओत गेल्याशिवाय चावी देऊ नका. नाव बदललं नाही आणि अपघात झाला तर भरपाई नोंदणी ज्याच्या नावावर त्याच्याच गळ्यात येते, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. आणि आयशरवाल्याशी बोलताना भरात येऊन "नवे टायर घालून देतो" एवढं मात्र म्हणू नका.