नवी टूरिंग गाडी आणि हाताला मुंग्या

दिवाळीच्या सुट्टीतल्या लांबच्या राइड्स उरकल्या आणि थरथरीबद्दलचे प्रश्न एकदम वाढले. त्यांतले पाच आज घेतो.

सिंगल सिलिंडरची, ४०० सीसीच्या आसपासची नवी टूरिंग गाडी आहे. ७०० किलोमीटर झाले. टॉप गिअरला ९०च्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणतात, आरशात मागचा ट्रक धूसर दिसतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘या गाडीला एवढं असतंच.’ खरं का? – वाचक, नाशिक

अर्धं खरं. एकच मोठा पिस्टन वर-खाली धावतो. त्याचे धक्के क्रँकवरचं (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्यावरचं) वजन पूर्ण मारू शकत नाही, म्हणून क्रँकच्या उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तोल साधणारा वजनदार दांडा, देतात. तरी क्रँकच्या दुप्पट वेगाची बारीक झिणझिण उरतेच. पण गाडी न तपासता ‘असंच असतं’ म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवणं मला अजिबात मान्य नाही.

आधी थरथर इंजिनाची की चाकाची, ते ठरवा. सरळ, मोकळा रस्ता बघा. मागे कुणी नाही याची खात्री करून झिणझिण येते त्या वेगाला जा, थ्रॉटल सोडा आणि क्लच दाबा. इंजिन आयडलवर येईल, गाडी मात्र पळत राहील. झिणझिण तिथेच थांबली तर इंजिनाकडे बघा. चालू राहिली तर चाकं, टायर, चेन. हातालाही फरक कळतो. ५,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ८३ वेळा फिरतो, तर ताशी ९० किलोमीटरला मागचं चाक साधारण १२-१३ वेळा. त्यामुळे इंजिनाची थरथर मुंग्यांसारखी बारीक लागते, चाकाची जाडसर, हेलकाव्यासारखी.

इंजिनाची निघाली तर माउंटचे, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणारे, बोल्ट तपासून घ्या. नुसते आवळून भागत नाही. सगळे थोडे सैल करायचे, इंजिन आपल्या जागी बसू द्यायचं आणि मग टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे. सायलेन्सरच्या बोल्टांचंही तेच. रन-इन, म्हणजे नवी गाडी जपून चालवायचा सुरुवातीचा काळ, पुरं झाल्यावर इंजिन थोडं मऊ चालतं, हे मी बऱ्याच गाड्यांवर पाहिलंय. पण सैल बोल्ट रन-इनने बरा होत नाही.

आणि शोरूमकडे त्याच मॉडेलची टेस्ट राइडची गाडी मागा. त्याच गिअरला, त्याच आरपीएमला चालवून बघा. फरक जाणवला तर जॉब कार्डवर गिअर, वेग, आरपीएम आणि थरथर नेमकी कुठे लागते, हे सगळं लिहून घ्या. नुसतं ‘व्हायब्रेशन जास्त’ लिहिलं, तर गाडी बहुधा धुऊन परत मिळते.

शोरूममधून आणली तेव्हा गाडी छान होती. लेग गार्ड आणि साइड बॉक्सचे स्टँड बसवल्यावर टाकीपर्यंत थरथर येते. – वाचक, सातारा

मग उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. एकेक वस्तू काढून चालवून बघा. अशाच एका गाडीच्या लेग गार्डचा खालचा बोल्ट मी काढला, तर गार्ड टणकन अर्धा इंच बाजूला उडाला. बसवणाऱ्याने तो ताणून, पान्याच्या जोरावर भोकाशी जुळवला होता. असा ताणलेला पाइप इंजिनाचा प्रत्येक धक्का थेट फ्रेमला देतो. गार्डची भोकं ताण न देता जुळली पाहिजेत; नसतील जुळत तर तो परत करा.

क्लच दाबला तरी फूटरेस्टला खरखर लागते. चेन तर गेल्याच आठवड्यात टाइट करून घेतली! – वाचक, कोल्हापूर

मला त्या टाइट करण्याचाच संशय आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, न्यूट्रल करा. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी चेनचा खालचा पदर बोटाने वर-खाली करून बघा. एका जागी ती मोकळी हलेल आणि दुसऱ्या जागी तारेसारखी ताठ लागेल, तर चेन किंवा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) सगळीकडे एकसारखं नाही. नव्या गाडीवर हे वॉरंटीत मागा. ढिलाई नेहमी सर्वांत ताठ जागी मोजायची. ती किती हवी, ते मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना ती जास्त लागते आणि अंदाजाने चेन आवळणारे नेमके तिथेच चुकतात.

खरखरीऐवजी हेलकावे असतील, तर टायरमधली हवा थंड असताना तपासा, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. स्पोकची चाकं असतील तर स्पोकही बघा.

गोव्याहून परतल्यावर उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट दोन दिवस बधिर होतं. ग्लोव्ह्ज जाड घेऊ का? – वाचक, ठाणे

ताई, जाड ग्लोव्ह्जमुळे मूठ उलट जास्त आवळली जाते. या दोन बोटांची नस तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने जाते आणि हँडलवर भार टाकला की नेमकी तीच दबते. अंगाचा भार पाय, पोट आणि पाठीवर घ्या, मूठ सैल ठेवा. लिव्हर असे फिरवून घ्या की बोटं टेकवल्यावर मनगट सरळ राहील. हँडलच्या टोकांना जड वजनं लावली तर बराच फरक पडतो. तासाभराने थांबा. बधिरपणा पुन्हा आला किंवा पकड कमी वाटली, तर गाडी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा, हे टाळू नका.

हँडलवर फोन लावल्यापासून कॅमेरा फोकस होत नाही. गाडीमुळे? – वाचक, पुणे

शक्य आहे. मोठ्या इंजिनांच्या मोटरसायकलींवर आयफोन थेट लावू नये, असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये सांगितलं होतं. लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा अशा थरथरीने बिघडू शकते. थरथर शोषणारा डँपर असलेला माउंट घ्या. जुना, नको असलेला फोन नकाशासाठी लावलात तर आणखी बरं.