शकुंतलेच्या मॉडेलला नळ्या किती नि केवढ्या?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातला, आयटीआयमधून फिटर केलंय. आजोबांनी यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे वाफेच्या इंजिनवर धावताना पाहिली, त्यांच्यासाठी चालणारं मॉडेल बनवून राहिलो. बॉयलर तांब्याचा, 100 मिमी व्यास, नळ्या 300 मिमी लांब, शेगडीची जाळी 60 बाय 100. पाव इंची 40 नळ्या टाकायच्या म्हणतो, जास्त नळ्या म्हणजे जास्त वाफ ना? आणि जाळायला पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, चालते का?

उत्तर: भाऊ, पहिले आजोबांना माझा नमस्कार सांग. शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1994 मध्ये गेलं, तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्यासाठी तू हे करून राहिला, मले लय आनंद झाला.

आता नळ्यांचं. यांच्यातून विस्तवाचा गरम धूर जातो नि भोवतालचं पाणी तापते. भोकं पाडली नसतील तर थांब. पाव इंची नळीची जाडी 0.8 मिमी धरली तर आतून पावणेपाच मिमी उरते, आणि एवढ्या बारीक, 300 मिमी लांब नळीतून धूर ओढलाच जात नाही, विस्तव गुदमरतो, मग 40 टाक नाही तर 80 टाक. हिशोब सोपा आहे, लांबी मिमीत घे, आतल्या व्यासाच्या वर्गाने भाग, उत्तर 2 ते पावणेतीनच्या मध्ये यावं. विलायतेतल्या मॉडेलवाल्यांत हा कीलरचा नियम म्हणून चालतो, ते इंचात मोजतात म्हणून 50 ते 70 म्हणतात. तुझं येते 13! तीन सुती (3/8 इंची) नळी घेतली तरी 4.8. चार सुती म्हणजे अर्धा इंची एसीची तांब्याची नळी घे, आतून 11.1 मिमी, उत्तर 2.4, एकदम बरोबर. वर्ग का, तर नळी दुप्पट लांब केली तर व्यास दुप्पट नाही, 1.4 पटच लागतो. उलट नळी फार मोठी घेतली तर मधला गरम धूर भिंतीला न लागताच चिमणीतून निघून जातो, पाणी तसंच राहते.

किती नळ्या? सगळ्या नळ्यांची मोकळी जागा जाळीच्या सहाव्या-सातव्या भागाइतकी ठेव. तुझी जाळी 6000 चौ. मिमी, एक नळी 97 ची, म्हणजे 9 नळ्या झाल्या. कमी वाटतील, पण 1829 च्या स्टीफनसनच्या रॉकेट नावाच्या रेल्वे इंजिनाला तरी 25च होत्या, 3 इंची, तांब्याच्या. खाली 2, मध्ये 3, वर 4 अशा बसव, दोन नळ्यांत 4 मिमी तरी पाणी राहू दे, आणि वरच्या ओळीवर पाणी कायम 12-15 मिमी पाहिजे. ओळ उघडी पडली की नळी तापून जाते.

जोड चांदीच्या सोल्डरनेच करायचे, हे मी हात जोडून सांगून राहिलो. माझ्या पहिल्या बॉयलरचे जोड मी साध्या कथलाने भरले, पाणी कमी झालं आणि नळीचा जोड सुटून वाफेचा फवारा माझ्या मनगटावर आला, डाग अजून आहे. साधं सोल्डर 183 अंशाला वितळते, चांदीवालं 600 च्या वर. भोक नि नळीचं टोक पॉलिश पेपरने घासून लखलखीत कर, फ्लक्स लाव, सगळा पत्रा सारखा तापव, सोल्डर नळीभोवती आपोआप धावत जाऊन चकाकती कडी झाली की समज जोड झाला.

टेस्ट हवेने करू नको, पूर्ण पाणी भर, हवा काढ, हातपंपाने कामाच्या दुप्पट प्रेशर दे, 3 किलोवर चालवायचा तर 6 किलो. जोड गेला तर पाणी फक्त गळते, हवा फोडून टाकते.

पऱ्हाटी नको रे बाप्पा. जाळ मोठा पण भुर्रकन जळते, त्यात चिकट काजळी थंड नळ्यांत जमते आणि 11 मिमीची नळी 8 ची होऊन जाते. बाभळीचा कोळसा घे, सुपारीएवढे तुकडे करून. बोरचं पाणीही भरू नको, आपल्याकडच्या पाण्यात क्षार लय, पावसाचं किंवा बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी भर.

पेटवायच्या आधी शेगडीच्या दारापाशी अगरबत्ती धर आणि चिमणीवर छोटा पंखा लाव. धूर आत खेचला गेला तर नळ्या मोकळ्या.