लॉन्सडेल पट्टा ‘निर्विवाद’ जिंकला की कायमचा?

प्रश्न असा आहे: ब्रिटिश मुष्टियोद्धा हेन्री कूपरवरच्या एका इंग्रजी लेखात, त्याने लॉन्सडेल बेल्ट (ब्रिटनच्या मुष्टियुद्ध विजेत्याला मिळणारा मानाचा पट्टा) ‘आउटराइट’ जिंकला, असं वाक्य आहे. मराठीत ‘निर्विवादपणे जिंकला’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. निर्विवाद म्हणजे निकालाबद्दल कुणाची कुरकुर नाही. इथला ‘आउटराइट’ मालकीबद्दल बोलतो. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ साली हा पट्टा सुरू केला. नाव दिलं क्लबचे अध्यक्ष लॉर्ड लॉन्सडेल यांचं. पहिला मानकरी लाइटवेट गटातला फ्रेडी वेल्श. पट्टा त्या-त्या गटातल्या ब्रिटनच्या विजेत्याकडे असतो. तो हरला की मुकाट्याने पुढच्याच्या हाती द्यायचा. स्वतःचा करायचा तर एकाच वजनगटात विजेतेपदाच्या तीन लढती जिंकायच्या, अशी जुनी अट. आता विजेतेपद मिळवून ते आणखी तीनदा राखावं लागतं. मग त्यातली प्रत्येक लढत अगदी घासून, गुणांवर जिंकलेली का असेना!

आपल्या क्रीडास्पर्धांत हे नवीन नाही. फिरती ढाल, फिरता करंडक आपण म्हणतोच, आणि ‘सलग तीन वर्षं जिंकलात तर ढाल कायमची तुमची’ हा नियमही ओळखीचा आहे. तेव्हा सरळ ‘पट्टा कायमचा जिंकला’ लिहावं. ‘पट्टा आपल्या मालकीचा केला’ हेही बरोबर, पण थोडं सातबाऱ्यासारखं वाटतं. (तसा मराठीत ‘भाडेपट्टा’ही आहेच, आणि नुसत्या विजेत्याकडचा पट्टा त्याच जातीचा.)

‘कायमचा’ या शब्दात मानही येतो. ब्रिटनचा विजेता एका रात्रीत होता येतं. पट्टा घरी ठेवायचा तर आव्हान देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा परतवावं लागतं. कूपरने तर हेवीवेटमध्ये असे तीन पट्टे कायमचे मिळवले. त्याच्याआधी हे कुणालाच जमलं नव्हतं. पुढे लॉइड्स या लंडनच्या विमा बाजारातल्या व्यवहारात तो बुडाला आणि १९९३ साली त्याने तिन्ही पट्टे लिलावात विकले. अनुवादात हा प्रसंग पुढे येणार असेल, तर आधी ‘निर्विवाद’ लिहून ठेवल्यावर वाचक विचारेल, की क्लबचा पट्टा याने विकला कसा?