भिंतीचं अनुकूलन की कमावणी?

प्रश्न असा आला आहे: जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ या संमीलन यंत्रावरच्या (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या संशोधनाचं यंत्र) लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात ‘एक्सपेरिमेंटल कॅम्पेन’साठी ‘प्रायोगिक मोहीम’ आणि ‘वॉल कंडिशनिंग’साठी ‘भिंतीचे अनुकूलन’ असं लिहिलं आहे. हे शब्द बरोबर आहेत का?

‘मोहीम’ उत्तम, ‘प्रायोगिक’ घातक आणि ‘अनुकूलन’ नकोच.

‘मोहीम’ अरबी-फारसीतून आली. मूळ अर्थ महत्त्वाचं काम, पण मराठीत ती स्वारीला कायमची चिकटली. पावसाळाभर छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन, मग काही महिने मुलूखगिरी आणि परत आल्यावर डागडुजी. संमीलन यंत्रांचं वेळापत्रकही याच चालीचं असतं. काही महिने प्रयोग आणि मग यंत्र उघडून दुरुस्ती, बदल, नवी उपकरणं. वेंडेलश्टाइनवर २०१८ ची मोहीम संपल्यावर आतला डायव्हर्टर, म्हणजे प्लाझ्मातून निसटणारी उष्णता आणि कण झेलणारा भाग, काढून पाण्यानं थंड होणारा बसवला. त्यात २०२२ उजाडलं. त्यानंतरच्या मोहिमेत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, आठ मिनिटांचा प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू) टिकला. म्हणून ‘मोहीम’च. ‘सत्र’ म्हटलं की विधिमंडळ किंवा कॉलेज डोळ्यांसमोर येतं.

‘प्रायोगिक’चं काय? ‘ही बससेवा प्रायोगिक तत्त्वावर सुरू’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की ‘प्रायोगिक मोहीम’ म्हणजे करून बघू, जमली तर चालवू, असाच वाचकाचा समज होणार. इथे मोहीम कच्ची नाही. ती प्रयोगांसाठी आहे. ‘प्रयोगमोहीम’ लिहावं किंवा सरळ ‘प्रयोगांची मोहीम’.

आता कंडिशनिंग. शब्द ठरवायचा तर आधी भिंतीला काय काय करतात ते पाहायला हवं.

या यंत्रात प्लाझ्मा साधारण ३० घनमीटर जागेत असतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर धरून ठेवतं. तरी कडेचे कण भिंतीला लागतातच. यंत्र उघडं असताना ग्राफाइटच्या फरशांमध्ये हवेतलं पाणी शिरून बसलेलं असतं. ते प्लाझ्मात उतरलं की ऑक्सिजन ऊर्जा प्रकाशाच्या रूपात उधळून टाकतो आणि प्लाझ्मा थंड पडतो. त्यामुळे पात्र, म्हणजे प्लाझ्मा ज्यात असतो ते निर्वात भांडं, बंद केलं की आधी हवा उपसायची. मग सांध्यांवर बाहेरून हीलियम फवारायचा आणि तो आत पोचतो का ते कणांना त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या वस्तुमान-वर्णपटमापकानं बघायचं. (याला ‘गळती शोधणं’ म्हणायला हरकत नाही, जरी इथे बाहेरचं आत येत असलं तरी. आपल्याकडे छपरालाही गळतीच लागते.) मग पात्र १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, म्हणजे फरशांतलं पाणी सुटून पंपांकडे जातं. इंग्रजीत हे ‘बेकिंग’. मराठीत ‘भाजणं’ नको, कारण भाजलं की पदार्थ बदलतो, वीट पक्की होते. इथे फक्त ऊब देऊन ओल काढायची आहे, म्हणून ‘शेकणं’. दुखऱ्या गुडघ्याला शेक देतात तेच क्रियापद, १५० अंशांवर! त्याच पात्राभोवतीच्या, चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या ७० अतिसंवाहक कॉइल मात्र उणे २७० अंशांच्या आसपास न्यायच्या असतात, हा या यंत्रांचा खास विक्षिप्तपणा.

शेकून झालं की ‘ग्लो डिस्चार्ज’. पात्रात थोडा हायड्रोजन किंवा हीलियम सोडून मंद प्रकाशणारा विद्युतप्रवाह चालवतात. आयन (विद्युतभारित अणू) भिंतीवर आपटतात आणि चिकटलेला मळ निघतो. (शब्द तसाच ठेवा. ‘दीप्त विसर्जन’ लिहिलंत तर वाचक ढोल-ताशे ऐकायला लागेल.) चुंबकीय क्षेत्र चालू असताना ही युक्ती चालत नाही. म्हणून कॉइल चालू ठेवून दोन शॉटच्या (म्हणजे प्लाझ्माच्या एकेका प्रयोगाच्या) मधे भिंत साफ करायची तर हीलियमचे छोटे प्लाझ्मा उडवतात.

आणि शेवटी बोरॉन. डायबोरेन हा विषारी, ज्वलनशील वायू हीलियममध्ये मिसळून ग्लो डिस्चार्ज चालवला की भिंतीवर बोरॉनचा थर बसतो, केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या हिश्शाइतका. हा थर ऑक्सिजनला धरून ठेवतो. ही रीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्याच युलिशच्या टेक्स्टोर टोकामॅकवर (हाही संमीलन यंत्राचाच एक प्रकार) सुरू झाली. वेंडेलश्टाइनवर २०१८ मध्ये ती पहिल्यांदा वापरली, तेव्हा प्लाझ्मातला ऑक्सिजन दहापटीहून अधिक घटला आणि पूर्वी न झेपणारी घनता झेपू लागली. पण थर झिजतो, ऑक्सिजननं भरून जातो. मोहीम चालू असतानाच तो पुन्हा द्यावा लागतो. पात्र हवेला उघडलं की सगळं पहिल्यापासून.

म्हणजे हे नुसतं धुणं नाही, नुसता लेप नाही, आणि एकदा करून सोडून द्यायचं कामही नाही. ‘अनुकूलन’मध्ये यातलं काहीच येत नाही. त्या शब्दावर वातानुकूलनाचा ताबा आहे. उरलेला हिस्सा जीवशास्त्राकडे, तिथे प्राणी स्वतः परिस्थितीशी जुळवून घेतो. भिंत स्वतः काहीच करत नाही. ‘शुद्धीकरण’ अर्धंच सांगतं, बोरॉन बाहेर राहतो. ‘केळवणे’ मला फार आवडतं, शिकवून-वाढवून तयार करणं हा त्याचा अर्थ, गुजरातीत ‘केळवणी’ म्हणजे शिक्षण. पण आज मराठीत केळवण म्हटलं की पंगतच आठवते.

माझं मत ‘कमावणे’ला. कातडं कमावतात, शरीर कमावतात, गवई आवाज कमावतो. तिन्हींत कच्ची वस्तू घेऊन, तिच्यावर वारंवार तीच मेहनत करून, ती ताण सोसेल अशी करायची असते. शरीर आणि आवाज यांच्या बाबतीत मेहनत थांबली की कमावलेलं उतरतं, हे तर भिंतीला तंतोतंत लागू. गांधीनगरजवळ भाट इथे प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये सुरू झालेलं आणि पुढे सुधारून ‘आदित्य-यू’ झालेलं ‘आदित्य’ हे संमीलन यंत्र आहे. तिथेही चांगल्या शॉटच्या आधी ग्लो डिस्चार्जनं भिंत कमवावीच लागते.

तेव्हा वाक्य असं करता येईल: ‘नव्या प्रयोगमोहिमेआधी पात्र शेकून, ग्लो डिस्चार्ज देऊन आणि बोरॉनचा थर चढवून भिंत कमावली जाते.’ नाम हवं तर ‘कमावणी’, विशेषण ‘कमावलेली भिंत’.

‘कमावणे’ म्हणजे पैसे मिळवणं असं कुणी समजेल, ही शंका येईल. पण ‘भिंत’ हे कर्म शेजारी असताना पैशांकडे कोण वळेल? शीर्षकात मात्र जपून. ‘जर्मन यंत्राची कमाई’ असं छापलंत तर लेख अर्थ-उद्योगाच्या पानावर जाईल.