वाचकांचे प्रश्न : दुर्बीण कोणाच्या डोंगरावर?

प्रश्न : हवाई बेटांवरील मौना केआ या पर्वतावर उभारायच्या ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ म्हणजेच टीएमटी या दुर्बिणीत भारताची सुमारे दहा टक्के भागीदारी असून, 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली होती. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रासारख्या संस्था या कामात आहेत. तेथे सुनावण्या झाल्या, न्यायालयाने परवाना वैध ठरवला, तरीही काम ठप्प आहे. लोकांचे म्हणणे ऐकून घेतल्यानंतरही श्रद्धेपायी विज्ञानाची अडवणूक होत असेल, तर तिचे समर्थन कसे करायचे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : लोकांचे म्हणणे ऐकले गेले, हे खरे आहे. ते केव्हा ऐकले गेले, हे मात्र आपल्या पत्रात आलेले नाही, आणि सगळा वाद तिथेच आहे.

2009 मध्ये चिलीतील जागा मागे पडून मौना केआची निवड झाली. फेब्रुवारी 2011 मध्ये हवाई राज्याच्या जमीन व नैसर्गिक संसाधन मंडळाने बांधकामाचा परवाना मंजूर केला आणि त्याच बैठकीत, हरकतदारांसाठी रीतसर सुनावणी घेण्याचेही ठरवले. सुनावणी पुरी होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, अशी अट मंडळाने घातली होती, त्यामुळे कोणावर अन्याय झाला नाही, असा बचाव पुढे करण्यात आला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला तो पटला नाही. ज्या मंडळाने आपले मत आधीच देऊन टाकले आहे, त्याच्यासमोर नंतर साक्षी-पुरावे मांडणे म्हणजे वरातीमागून घोडे, हे उघड आहे. डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयाने परवाना रद्द केला. पुढे सुनावणी नव्याने झाली, ती 44 दिवस चालली, 71 साक्षीदार तपासले गेले, आणि 2018 मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने नवा परवाना कायम केला. कायद्याची बाजू तेव्हा सावरली गेली. पण तोवर मधली सात वर्षे गेली होती आणि विश्वासही गेला होता.

विरोधी मत देणाऱ्या त्या एका न्यायाधीशांचा आक्षेप मला अजूनही बिनतोड वाटतो. आधीच्या दुर्बिणींमुळे पर्वताची लक्षणीय हानी झाली आहे, हे सरकारी कागदपत्रांतही मान्य केलेले होते. मग आधीच बरेच बिघडले आहे, आणखी एका बांधकामाने फारसा फरक पडणार नाही, असे म्हणता येईल का? तसे म्हटले, तर जागा जितकी खराब कराल, तितके तिचे संरक्षण कमी होत जाईल.

आता ‘श्रद्धेपायी अडवणूक’ या आपल्या शब्दांबद्दल. ही जमीन हवाईच्या राजसत्तेच्या मालकीची होती. 1893 मध्ये परदेशी व्यापारी-बागाईतदारांच्या गटाने, अमेरिकी नौसैनिकांच्या आधाराने, राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. त्याबद्दल अमेरिकी काँग्रेसने शंभर वर्षांनी माफीही मागितली. जमिनी मात्र 1898 मध्ये अमेरिकेकडे आणि 1959 नंतर राज्याकडे आल्या, त्या विश्वस्त म्हणून सांभाळण्यासाठी, आणि मूळ हवाईयन लोकांचे हित हा त्या विश्वस्तपणाच्या जाहीर उद्देशांपैकी एक होता. 1968 मध्ये राज्याने शिखराचा परिसर हवाई विद्यापीठाला 65 वर्षांच्या करारावर दिला. भाडे नाममात्र, वर्षाला एक डॉलर. पुढच्या तीन दशकांत तेथे एकामागून एक दुर्बिणी उभ्या राहिल्या, त्यांची संख्या तेरापर्यंत गेली, आणि विद्यापीठाने पर्वताच्या देखभालीकडे दुर्लक्ष केल्याचा ठपका 1998 मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी ठेवला. टीएमटीच्या मंडळींनी वेगळे वागण्याचा प्रयत्न केला, हे नाकारता येणार नाही : जागा मुख्य शिखराऐवजी खालच्या पठारावर निवडली, स्थानिक मुलांच्या विज्ञानशिक्षणासाठी दर वर्षी दहा लाख डॉलर देऊ केले. पण लोकांसमोर चौदाव्या दुर्बिणीचा प्रस्ताव होता, आणि आधीच्या तेरांचा हिशेब अजून कोणी दिलेला नव्हता.

श्रद्धा आहेच. तेथील वाइआऊ सरोवरात नवजात बाळाची नाळ सोडण्याची परंपरा आहे. ज्यांच्या घराण्याच्या नाळा तेथे आहेत, त्यांना तो पर्वत म्हणजे चार हजार दोनशे मीटर उंचीवरची सोयीची कोरडी जागा वाटणार नाही. जुलै 2019 मध्ये यंत्रसामग्री वर जाण्याच्या दिवसांत, पायथ्याच्या रस्त्यावर वयोवृद्ध स्त्री-पुरुष खुर्च्या टाकून बसले. पोलिसांनी तिसांहून अधिक जणांना अटक केली, कोणाला उचलून, कोणाला चाकांच्या खुर्चीवरून नेले. तरुण बाजूला उभे राहिले, कारण ज्येष्ठांनी त्यांना मध्ये न पडण्याची ताकीद दिली होती. यंत्रे वर गेली नाहीत. हेही सांगायला हवे, की सर्व मूळ हवाईयन विरोधात नाहीत. त्यांच्यापैकीच एका गटाने दुसऱ्या सुनावणीत दुर्बिणीची बाजू मांडली. पण समाजात दोन मते आहेत, हे त्याला न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रश्न : आमच्या नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, त्यामुळे एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बिणीविषयी येथे उत्सुकता असते. तिचा एक भाग पश्चिम ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या भूमीवर उभा राहतो आहे. तेथे असा संघर्ष का झाला नाही?
— एक वाचक, नारायणगाव

उत्तर : तेथील वजारी यमजी या आदिवासी लोकांशी करार आधी झाला आणि काम नंतर सुरू झाले. त्या जागेवरील आधीच्या दुर्बिणीसाठी 2009 मध्ये एक करार झाला होता. एसकेएसाठीचा नवा, अधिक व्यापक करार नोव्हेंबर 2022 मध्ये झाला आणि बांधकामाचा औपचारिक प्रारंभ डिसेंबरमध्ये. मधल्या काळात 2017 मध्ये वजारी लोकांचा भूमिहक्क न्यायालयाने मान्य केला होता, म्हणजे ते पाहुण्यांसारखे नव्हे, तर हक्कदार म्हणून बोलणीला बसले.

त्यातील एक तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या भागात 1,31,072 लहान अँटेना लावायच्या आहेत, आणि जमीन उकरण्यापूर्वी वजारी जाणकार सर्वेक्षकांबरोबर ती पायी तपासतात. जेथे त्यांचा वारसा आहे, ती ठिकाणे टाळण्यासाठी आराखड्यातील जागा सरकवल्या गेल्या. अर्थात, विखुरलेल्या अँटेनांचे समूह थोडे इकडेतिकडे करता येतात. तीस मीटरच्या आरशाची एकच इमारत तशी सरकवता येत नाही, म्हणून अशा प्रकल्पात जागा ठरण्याआधी विचारणे अधिकच आवश्यक असते.

प्रश्न : मग टीएमटीबाबत भारताने काय करावे? पैसा आपला, निर्णय त्यांचा.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निर्णय सर्वस्वी त्यांचा नाही, भागीदाराला प्रकल्पाच्या कारभारात आवाज असतो. हवाईने 2022 मध्ये मौना केआच्या कारभारासाठी नवे प्राधिकरण नेमले असून त्यात मूळ हवाईयन परंपरेच्या जाणकारांना जागा आहेत. 2028 मध्ये पर्वताचा ताबा विद्यापीठाकडून पूर्णपणे त्याच्याकडे जायचा आहे. दुसरीकडे, जुलै 2025 मध्ये स्पेनने ही दुर्बीण आपल्या ला पाल्मा बेटावर आणण्यासाठी 40 कोटी युरो देऊ केले आहेत. मौना केआवरच ठाम राहायचे असेल, तर नव्या प्राधिकरणाचा होकार लेखी मिळेपर्यंत पुढचा हप्ता न देण्याची अट भारताच्या प्रतिनिधींनी मांडावी. आणि ला पाल्माला जायचे ठरले, तर तेथील रहिवाशांशी बोलणी कोणी, कधी आणि कोणत्या टप्प्यावर केली, याचे टिपण सही करण्यापूर्वी मागून घ्यावे.